रोपांसाठी ट्यूबलाइट कशी निवडावी?

गेल्या वर्षी जानेवारीत हाऊसच्या बागेसाठी टोमॅटो आणि मिरचीची रोपे तयार करण्याचे काम आम्हा चार कॅडेटांकडे आले. महाराष्ट्रातून आलेल्या मुलांना उत्तरेकडचा हिवाळा नवा असतो. सकाळी फॉलइनला उभे राहिले की दोन रांगा पुढचा माणूस धुक्यात दिसत नाही आणि कधी कधी चार-चार दिवस सूर्याचे दर्शन होत नाही. बाहेर थंडीने रोपे मरतील म्हणून आम्ही ट्रे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणून टेबलावर ठेवले आणि छताजवळच्या दोन ट्यूब रात्रंदिवस चालू ठेवल्या. खोली लख्ख उजळली होती. त्या उजेडात आम्ही आरामात पुस्तक वाचत होतो. रोपांनाही तेवढा उजेड पुरेल, असे आम्ही धरून चाललो.

रोपे उगवली आणि भराभर उंच झाली. आम्ही खूश होतो. पण दांडा दोऱ्यासारखा बारीक होता, पाने फिकट आणि इवली होती. फेब्रुवारीच्या शेवटी ती वाफ्यात लावली आणि दोन दिवसांत जवळजवळ सगळ्या रोपांनी मान टाकली. बाकीच्या हाऊसच्या बागा हिरव्या झाल्या तेव्हा आमचे वाफे रिकामे होते.

सरांनी आम्हाला रागावण्याऐवजी एक प्रश्न विचारला, "उजेड पुरेसा आहे, हे तुम्ही कशाने मोजलेत?" उत्तर होते, डोळ्याने. तिथेच चूक होती. या वर्षी शाळेत सगळीकडे एलईडी बसले आणि जुन्या ट्यूब, चोक, पट्ट्या स्टोअरमध्ये जमा झाल्या. परवानगी घेऊन त्यांतल्या काही आम्ही मागून घेतल्या आणि पुन्हा सुरुवात केली. त्यातून जे शिकलो ते या लेखात मांडत आहे. घरात, बाल्कनीत किंवा वसतिगृहाच्या खिडकीत रोपे लावणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल.

ट्यूबमध्ये उजेड कसा तयार होतो?

ट्यूबच्या आत थोडा पारा आणि अरगॉनसारखा निष्क्रिय वायू असतो. वीजप्रवाह सुरू झाला की पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण बाहेर पडतात. त्यांतल्या मुख्य किरणांची तरंगलांबी २५४ नॅनोमीटर असते आणि ते आपल्याला दिसत नाहीत. काचेच्या आतल्या बाजूला पांढऱ्या भुकटीचा लेप असतो, त्याला फॉस्फर म्हणतात. हा लेप अतिनील किरण शोषून घेतो आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो.

म्हणजे ट्यूबचा रंग पाऱ्यावर कमी आणि लेपावर जास्त अवलंबून असतो. सारख्या लांबीच्या, सारख्या वॅटच्या दोन ट्यूब वेगळा उजेड देतात, कारण त्यांच्या लेपाची भुकटी वेगळी असते. जुन्या स्वस्त ट्यूबमध्ये हॅलोफॉस्फेट नावाची भुकटी असे. नंतरच्या चांगल्या ट्यूबमध्ये तीन वेगवेगळ्या भुकट्या मिसळलेल्या असतात. एक निळा, एक हिरवा आणि एक नारिंगी-लाल प्रकाश देते. त्यांतला हिरवा भाग ५४५ नॅनोमीटरच्या जवळ आणि लाल भाग ६११ नॅनोमीटरच्या जवळ असतो. तीन रंग मिसळून आपल्याला पांढरा उजेड दिसतो.

काचेवरचा आकडा वाचा

ट्यूबच्या एका टोकाला काचेवर बारीक अक्षरांत आकडे छापलेले असतात. आम्ही इतकी वर्षे ट्यूबखाली अभ्यास केला, पण ते कधी वाचले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

समजा, आकडा ८६५ आहे. पहिला ८ हा रंगदर्शकता सांगतो. या उजेडात वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतात, याचे माप शंभरपैकी दिले जाते. पहिला अंक ८ असेल तर हे माप ८० ते ८९ च्या दरम्यान असते. उरलेल्या ६५ वर दोन शून्ये द्या. ६५०० केल्विन हे झाले रंगतापमान. याच रीतीने ८४० म्हणजे ४००० केल्विन, ८३० म्हणजे ३००० केल्विन आणि ८२७ म्हणजे २७०० केल्विन.

इथे एक गंमत आहे. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी लाल होते, अजून तापले की पिवळे, मग पांढरे. म्हणजे तापमान जितके जास्त, तितका प्रकाश निळ्याकडे झुकतो. पण बोलताना आपण पिवळसर उजेडाला 'वॉर्म' आणि निळसर उजेडाला 'कूल' म्हणतो. त्यामुळे 'वॉर्म' ट्यूबचा आकडा लहान आणि 'कूल डेलाइट' ट्यूबचा मोठा असतो. दुकानात नावावर न जाता आकडा पाहावा.

आमच्या ढिगात तीन प्रकार निघाले. जुन्या ५४-७६५ ट्यूब सर्वांत जास्त होत्या. हा हॅलोफॉस्फेटचा प्रकार आहे. काही ८६५ होत्या आणि चार-पाच ८३० होत्या. जाडीही दोन तऱ्हेची होती. ट्यूबची जाडी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. टी-१२ म्हणजे दीड इंच, टी-८ म्हणजे एक इंच आणि टी-५ म्हणजे पाच अष्टमांश इंच.

डोळ्याचा उजेड आणि पानाचा उजेड

खोक्यावर ल्यूमेन लिहिलेले असतात. चार फुटी, ३६ वॅटच्या ८६५ ट्यूबचे ल्यूमेन साधारण ३,३०० च्या आसपास, तर जुन्या ५४ नंबरच्या ट्यूबचे २,५०० च्या आसपास भरतात. ल्यूमेन आणि लक्स ही मापे माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेली आहेत. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो. ६६० नॅनोमीटरच्या गडद लाल प्रकाशाला त्याचा प्रतिसाद त्याच्या सुमारे ६ टक्के आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला सुमारे ४ टक्के असतो.

पानाचा हिशेब वेगळा आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्रात एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाचा प्रयोग आहे. लोलकाने वेगळे केलेले रंग त्यांनी हिरव्या शेवाळाच्या धाग्यावर पाडले आणि भोवती ऑक्सिजनकडे धावणारे जीवाणू सोडले. जीवाणू निळ्या आणि लाल पट्ट्यांजवळ गोळा झाले. म्हणजे त्या रंगांत ऑक्सिजन जास्त तयार होत होता. १८८२ सालचा हा प्रयोग अजूनही सर्वांत सोपा पुरावा आहे.

यावरून अनेक जण असा निष्कर्ष काढतात की झाडाला फक्त निळा आणि लाल प्रकाश लागतो, हिरवा वाया जातो. हे अर्धसत्य आहे. १९७२ मध्ये मॅक्री या शास्त्रज्ञाने २२ प्रकारच्या पिकांच्या पानांवर वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश टाकून प्रकाशसंश्लेषण मोजले. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळाच प्रकाश पानाच्या उपयोगी पडतो, असे त्यात दिसले. सर्वांत जास्त उपयोग लाल भागात, ६२० नॅनोमीटरच्या आसपास होता. निळ्यात त्याहून कमी उंचीचा दुसरा उंचवटा होता आणि हिरव्यातही वापर बराच होता. पान हिरवे दिसते कारण ते हिरव्या प्रकाशाचा काही भाग परत फेकते, सगळा नाही. उरलेला हिरवा प्रकाश पानाच्या आतल्या थरांपर्यंत पोचतो आणि तिथे कामी येतो.

आता तीन भुकट्यांच्या ट्यूबचा लाल भाग आठवा. ६११ नॅनोमीटर. तो मॅक्रीच्या लाल उंचवट्याजवळच पडतो. ट्यूब आपल्या डोळ्यांसाठी बनवली गेली, पण पानालाही ती मानवते.

कोणता रंग काय करतो?

प्रकाश हे झाडाचे अन्न तयार करण्याचे साधन आहेच, शिवाय तो झाडाला हुकूमही देतो.

निळा प्रकाश रोपाला आटोपशीर ठेवतो. दोन पानांमधले अंतर कमी राहते, दांडा जाड होतो आणि पानावरची छिद्रे उघडायला मदत होते. उजेडाच्या दिशेने वळणेही मुख्यतः निळ्या प्रकाशामुळे होते. निळा कमी पडला की रोप लांबते.

लाल प्रकाश प्रकाशसंश्लेषणात सर्वांत कार्यक्षम असतो.

लालच्या पलीकडे, ७३० नॅनोमीटरजवळ अतिलाल प्रकाश असतो. झाडातले फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य लाल आणि अतिलाल यांचे प्रमाण ओळखते. दुसऱ्या झाडाच्या सावलीत लाल प्रकाश पाने गिळून टाकतात आणि अतिलाल खाली पोचतो. मग खालच्या रोपाला कळते की आपण सावलीत आहोत आणि ते वर पोचण्यासाठी उंच होऊ लागते. जुन्या तारेच्या पिवळ्या बल्बमध्ये अतिलाल प्रकाश भरपूर असतो, म्हणून त्याखाली रोपे ताणली जातात. ट्यूबमध्ये तो फार कमी असतो. रोपांसाठी ट्यूब बल्बपेक्षा बरी, याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण उष्णता. बल्ब जवळ आणला की पाने करपतात.

फायटोक्रोमचा उपयोग आपल्याकडचे शेतकरीही करतात. शेवंती लहान दिवसांत फुलते. तिला उशिरा फुलवायची असेल तर रात्री शेतात दिवे लावून रात्र तोडतात. तो उजेड अन्न बनवण्यासाठी नसतो, दिवस अजून लांब आहे असे झाडाला सांगण्यासाठी असतो.

मग कोणती ट्यूब घ्यावी?

१. भाजीची रोपे, मेथी, कोथिंबीर, पालक आणि इतर पालेभाज्या यांना ८६५. निळा भाग पुरेसा असल्याने रोपे बुटकी आणि दणकट राहतात.

२. रोपांना फुले-फळे येईपर्यंत आतच ठेवायचे असेल तर ८६५ आणि ८३० निम्म्या-निम्म्या, एकाआड एक लावाव्यात. एकीतून निळा आणि दुसरीतून लाल जास्त मिळतो. पण टोमॅटो-मिरचीला फळे धरायला इतका उजेड लागतो की ट्यूबवर ते काम कठीण आहे. त्यांची रोपे आत करावीत आणि पुढे त्यांना उन्हात न्यावे.

३. मनीप्लँटसारख्या शोभेच्या झाडांना ८४० सुद्धा चालते. खोलीत बसणाऱ्यालाही तो उजेड बरा वाटतो.

४. फक्त ८२७ किंवा ८३० वापरून रोपे करू नयेत. निळा कमी पडतो.

५. मत्स्यालयाच्या दुकानात गुलाबी-जांभळ्या ट्यूब मिळतात. त्यांत निळा आणि लाल जास्त, हिरवा अगदी कमी असतो. आमच्यातल्या एकाने खाऊच्या पैशांतून अशी एक आणली. तिच्याखाली रोपे चांगली आली, पण शेजारच्या ८६५ खालच्या रोपांपेक्षा ती सरस आहेत असे आम्हाला म्हणता आले नाही. शिवाय त्या उजेडात पाने काळपट दिसतात. पान पिवळे पडले किंवा कीड लागली तर लवकर लक्षात येत नाही. जास्त पैसे देण्याचे कारण आम्हाला दिसले नाही.

आमची चूक

आम्ही तीन ट्रेमध्ये मेथी पेरली. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, म्हणून प्रयोगाला सोयीची. एक ट्रे ५४-७६५ खाली, एक ८६५ खाली, एक ८३० खाली. तिन्हींची उंची सारखी ठेवली. पंधराव्या दिवशी ५४ खालची मेथी किडकिडीत आणि ८६५ खालची गच्च होती. आम्ही प्रदर्शनाचा तक्ता लिहायला घेतला : "हॅलोफॉस्फेटचा वर्णपट मेथीला अयोग्य".

सरांनी तक्ता पाहिला आणि विचारले, "दोन्ही ट्यूबचे वय सारखे आहे का?"

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून लक्समीटर आणला. आमची ५४ नंबरची ट्यूब इतकी वापरलेली होती की तिच्याखाली दुसरीच्या निम्माही उजेड नव्हता. टोके काळी पडलेली होती, तेही आम्ही पाहिले नव्हते. मग ट्रेखाली विटा ठेवून तो वर घेतला, दोन्हीकडे लक्स सारखे केले आणि पुन्हा मेथी पेरली. या वेळी दोघींतला फरक शोधून काढावा लागत होता. ८३० खालची मेथी मात्र सारख्या लक्समध्येही थोडी लांबटच राहिली.

तक्ता फाडून नवा केला. या सगळ्या खटाटोपातून मिळालेला मुख्य धडा त्यावर लिहिला : आधी उजेड किती ते पाहा, मग त्याचा रंग पाहा. रंगाने फरक पडतो, पण उजेडच अपुरा असेल तर उत्तम वर्णपटही रोपाला वाचवत नाही.

किती जवळ, किती तास?

एका चार फुटी ट्यूबखाली मोजलेले आकडे असे. १५ सेंटिमीटरवर सुमारे ३,००० लक्स, ३० सेंटिमीटरवर १,४०० आणि ६० सेंटिमीटरवर ६००. गेल्या वर्षीच्या टेबलावर, छताच्या दोन ट्यूबखाली, जेमतेम २०० लक्स भरले. बाहेर भर उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतात. आपला डोळा उजेडाशी जुळवून घेऊन हा फरक झाकून टाकतो, म्हणून २०० लक्समध्येही आपल्याला खोली उजळलेली वाटते.

आकडे नीट पाहिले तर अंतर दुप्पट झाले की उजेड साधारण निम्मा होतो. पुस्तकात आपण अंतराच्या वर्गाचा नियम शिकतो, त्याप्रमाणे तो पाव व्हायला हवा होता. तो नियम बिंदूसारख्या दिव्यासाठी आहे. ट्यूब लांब असल्याने जवळच्या अंतरावर ती रेषेसारखी वागते. दूर गेल्यावर मात्र घट वाढत जाते.

झाडासाठी खरा हिशेब प्रकाशकणांचा, म्हणजे फोटॉनचा असतो. पांढऱ्या ट्यूबसाठी लक्सला ७४ ने भागले की दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडणाऱ्या उपयोगी फोटॉनची संख्या मायक्रोमोलमध्ये अंदाजे मिळते. सूर्यप्रकाशासाठी ७४ ऐवजी ५४ धरतात, कारण वर्णपट वेगळा आहे.

आम्ही चार ट्यूब आठ-आठ सेंटिमीटरवर बसवल्या, वर पांढरा रंग दिलेला पत्रा लावला आणि ट्रे १५ सेंटिमीटर खाली ठेवले. मीटरने सुमारे १२,००० लक्स दाखवले. भागाकार केला की सुमारे १६० मायक्रोमोल. १६ तास उजेड दिला तर १६० × ३,६०० × १६, म्हणजे दिवसाला सुमारे ९.२ मोल. रोपांना आणि पालेभाज्यांना एवढे चालते. ३० सेंटिमीटरवरची एकटी ट्यूब याच हिशेबाने दिवसाला सुमारे १.१ मोल देते. उन्हाळ्यातल्या निरभ्र दिवशी मोकळ्या मैदानात ४० मोलपेक्षा जास्त मिळतात. सूर्याशी बरोबरी करण्याचा विचार सोडून द्यावा हे उत्तम.

चोवीस तास उजेड देऊ नये. गेल्या वर्षी आम्ही तेही केले होते. टोमॅटोची पाने सतत उजेडात ठेवली तर बिघडतात. रोपांना १४ ते १६ तास पुरेत. पालक दिवस लांबला की फुलावर येतो, म्हणून त्याला १२ तास ठेवावेत. लाइट्स आउटनंतर कोणी विसरू नये म्हणून आम्ही टायमर लावला आहे.

ट्यूबच्या मध्यभागी उजेड जास्त आणि टोकांना कमी असतो. दर दोन दिवसांनी ट्रे फिरवावेत. रोपे वाढतील तशी ट्यूब वर घ्यावी, म्हणून ती साखळीवर टांगावी. महिन्यातून एकदा ट्यूब बंद करून, थंड झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसावी.

बुटाच्या खोक्यात वर्णपट

ट्यूबचा वर्णपट प्रत्यक्ष पाहायचा असेल तर बुटाचे रिकामे खोके आणि जुनी सीडी पुरते. खोक्याच्या एका बाजूला ब्लेडने केसाएवढी बारीक उभी फट पाडा. समोरच्या बाजूला सीडीचा तुकडा तिरका चिकटवा आणि तो दिसेल असे पाहण्याचे भोक वरच्या बाजूला करा. सीडीवर एका मिलिमीटरमध्ये सुमारे ६२५ रेषा असतात, त्या प्रकाशाचे रंग वेगळे करतात.

फट ट्यूबकडे धरा. ८६५ ट्यूबमध्ये रंगांचे वेगळे पट्टे दिसतात. जांभळा-निळा, मग ठळक हिरवा, मग नारिंगी-लाल आणि मधे अंधार. जुन्या ५४ मध्ये रंगांची सलग चादर आणि तिच्यावर पाऱ्याच्या काही तेजस्वी रेषा दिसतात. सूर्याकडे हे खोके कधीही धरू नका. डोळ्याला कायमची इजा होते.

काळजी

प्रत्येक ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. तो थोडाच, पण विषारी. ट्यूब फुटली तर खिडक्या उघडून खोलीतून बाहेर पडावे. पंधरा मिनिटांनी हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत, बारीक भुकटी ओल्या कागदाने टिपावी आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद करावे. झाडू मारू नये, त्याने पारा हवेत उडतो. ट्रेमध्ये काच पडली तर ती माती आणि ती भाजी दोन्ही टाकून द्यावीत. जुन्या ट्यूब कचऱ्यात फेकू नयेत. आपल्या देशाच्या ई-कचरा नियमांत त्यांचा समावेश आहे.

पाणी आणि वीज शेजारी असतात, म्हणून पाणी घालण्यापूर्वी प्लग काढावा. पट्टीला अर्थिंग हवेच. जोडणी आम्ही स्वतः केली नाही, शाळेच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली.

पाऱ्यामुळेच या ट्यूबचे दिवस संपत आले आहेत. मिनामाता कराराच्या २०२३ च्या जिनिव्हा परिषदेत अशा ट्यूबचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरले. म्हणून हे शिकणे वाया जाणार नाही. एलईडी ट्यूबवरही ८६५, ८४० असेच आकडे असतात आणि पानाचा हिशेब तोच राहतो.

एका पालकांचा प्रश्न

या वर्षी पालक-दिनाला आमची मांडणी पाहायला एका कॅडेटचे वडील आले होते. ते सैन्यात सुभेदार आहेत आणि लडाखमध्ये राहून आलेले. आम्ही उत्साहाने सांगितले की असे रॅक लडाखच्या चौक्यांवर बसवले तर जवानांना हिवाळ्यातही ताजी भाजी मिळेल. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "बाळांनो, लडाखात ऊन भरपूर आहे. उणीव आहे ती उबेची. तिथे मी मेथी काचेखाली आणि प्लास्टिकखाली उन्हावर वाढलेली पाहिली. तुमच्या दिव्याला लागणारे डिझेल वर कोण चढवणार?"

आम्ही गप्प झालो. नंतर वाचले तेव्हा समजले की लेहमधली डीआरडीओची उच्च उंचीवरील संशोधन संस्था याच दिशेने काम करते. ऊन आत घेणारी आणि ऊब धरून ठेवणारी हरितगृहे हा तिथला मार्ग आहे. आमच्या चार ट्यूब जुन्या चोकसह सुमारे १८० वॅट घेतात. १६ तासांत सुमारे २.९ युनिट आणि महिन्याला ८६ च्या आसपास. तेवढ्या विजेच्या पैशांत बाजारातून मेथीच्या बऱ्याच जुड्या येतील.

मग ट्यूबचा उपयोग कुठे? जिथे थोड्या जागेत, थोडे दिवस, मोलाची रोपे वाढवायची असतात तिथे. ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षे ट्यूबच्या मांडण्यांवर चालल्या. तिथे बाटलीतल्या रोपाला साखर माध्यमातूनच मिळते, म्हणून दोन-तीन हजार लक्सही पुरतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ऊतीसंवर्धनाने वाढवलेल्या बांबूच्या चिमुकल्या रोपांना फुले आणून दाखवली. बांबू निसर्गात कित्येक दशकांनी एकदाच फुलतो, म्हणून जगभर त्याची दखल घेतली गेली. आमचे काम त्यापुढे अगदीच छोटे, पण त्याच जातीचे आहे. धुक्याचे सहा आठवडे रोपे जगवायची आणि ऊन आले की ती बाहेर न्यायची.

सुभेदार काकांच्या प्रश्नाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. आमची खोलीही थंड होती. टोमॅटोचे बी उगवायला २० ते २५ अंश तापमान लागते आणि थंडीत ट्यूबचा उजेडही मंदावतो. आम्ही फक्त उजेडाचा विचार करत होतो. त्यानंतर रॅकला तीन बाजूंनी प्लास्टिक लावले आणि चोक ट्रेच्या खालच्या कप्प्यात हलवून घेतले. त्यांची वाया जाणारी ऊब कामी आली.

या फेब्रुवारीत रोपे वाफ्यात लावण्यापूर्वी आठ दिवस ती रोज थोडा थोडा वेळ उन्हात ठेवली. मग लावली. दांडा पेन्सिलीच्या शिसाहून जाड होता आणि पाने गडद हिरवी. काही रोपे गेली, बहुतेक टिकली. हा अंक हाती पडेल तेव्हा त्यांना फुले आलेली असतील. बागेत या आणि पाहा.

स्वतः करून पाहा

१. तुमच्या वर्गातल्या ट्यूबवरचा आकडा वाचा. तिचे रंगतापमान किती?

२. मोबाइलवरच्या लक्समीटरने खिडकीत, टेबलावर आणि अंगणात उजेड मोजा. आकडा ढोबळ असेल, पण फरक कळेल. आधी डोळ्याने अंदाज लिहा, मग मोजा.

३. ५,००० लक्सची पांढरी ट्यूब १४ तास चालू ठेवली तर रोपाला दिवसाला किती मोल प्रकाश मिळेल? (उत्तर : सुमारे ३.४)

४. तुमच्या घरच्या रोपाला काय कमी पडते आहे, उजेड, ऊब की पाणी? एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आठ दिवस नोंद ठेवा.